काडीचीही शंका असेल तर

लेअर, ३ ऑक्टोबर २०१७

प्रिय हिनर्कमामा,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतोस, म्हणून कागद. आज सुट्टी आहे, आई मावशीकडे गेली आहे आणि मी सकाळपासून स्वयंपाकघर ते खिडकी अशा येरझाऱ्या घालते आहे. खालचे आजोबा काठीनं छत ठोकून गेले.

थेट मुद्द्यावर येते. मला पंपांचा कंटाळा आला आहे. दोन वर्षं झाली. पंप येतो, मी चाचणी घेते, यादीत खुणा करते, पंप जातो. एखादा पंप मोडून परत आला की माझे डोळे लकाकतात, आणि साहेब म्हणतात, ‘फेन्ना, का मोडला ते शोधायचं नाही, नवीन द्यायचा.’ मला तेच शोधायचं आहे. लोखंड रोज थोडं थोडं हलून एक दिवस दमतं आणि तुटतं, ते नेमकं कुठून सुरू होतं, हे मला आयुष्यात कळायला हवं. त्यासाठी डॉक्टरेट करायची आहे. कायमची नोकरी सोडून पुन्हा शिकायला निघालीस, डोकं फिरलंय का, असं सगळे विचारतात. आई विचारत नाही, नुसती बशा जोरात ठेवते.

अकरा ठिकाणी अर्ज केले. नऊ जणांचं उत्तरच नाही. एकानं लिहिलं की अर्ज मिळाला. एकानं लिहिलं की अर्ज मिळाला नाही.

आणि परवा तुझ्याच संस्थेची जाहिरात दिसली! धातूंचा थकवा, पवनचक्कीच्या आसांवरचे तडे, पूर्ण वेळची जागा, तीन वर्षं. मुदत वीस तारखेपर्यंत. मामा, ती माझ्याकडे बघूनच लिहिली आहे. तू तिथे चौतीस वर्षं वर्कशॉपचा मुख्य मिस्त्री होतास. तिथल्या प्रमुख प्रोफेसर ड्रोस्टेबाई तुला मानतात, हे तूच दर ख्रिसमसला दुसऱ्या ग्लासानंतर सांगतोस. माझ्यासाठी त्यांच्याकडे एक शब्द टाकशील? एकच.

तुझी,
फेन्ना


ओबरविशे, ८ ऑक्टोबर

फेन्ना पोरी,

जाहिरात वाचली. जाहिरात मागून पुढे वाचायची असते, हे तुला कोणी शिकवलं नाही. शेवटी काय लिहिलंय? ‘अमुक मशीनवर काम केल्याचा अनुभव आवश्यक.’ ते मशीन अख्ख्या देशात तीन आहेत आणि त्यातलं एक आमच्या तळघरात आहे. म्हणजे काय? म्हणजे खुर्चीवर माणूस आधीच बसला आहे. त्याचं नाव लेनार्ट किसलिंग. दोन वर्षं तिथेच विद्यार्थी मदतनीस होता. पोरगा सरळ आहे, घेतलेलं हत्यार पुसून परत ठेवतो. कायद्यानं जाहिरात द्यावी लागते, म्हणून दिली. तुझ्याकडे बघून लिहिली नाही, त्याच्याकडे बघून लिहिली.

अर्ज जरूर कर. पण जागा मिळालीच असं समजून तिथे कोट खुंटीला टांगू नकोस.

आता शब्दाचं. टाकणार नाही. चौतीस वर्षांत मी कोणाच्या बाजूनं किंवा विरोधात प्रोफेसरांच्या खोलीत बोललो नाही. नमुन्याच्या सळ्या वर नेऊन द्यायच्या, मापं सांगायची आणि खाली यायचं. बाईंच्या आधी जे मोठे प्रोफेसर होते, त्यांनी एकदा स्वतःच्या मेव्हण्याचा मुलगा घेतला. त्याला मी पहिल्या आठवड्यात ओळखलं, कारण त्यानं मापं घ्यायचा कॅलिपर हातोडीसारखा धरला होता. त्याच्यामुळे जिची जागा गेली ती मुलगी रडत माझ्या वर्कशॉपातून गेली, कारण मागचं दार तिकडून होतं. मी तिला दार उघडून दिलं, बाकी काही केलं नाही. तेव्हा ठरवलं, आपल्या तोंडून या कामात नाव निघायचं नाही.

तू असं कर. जाहिरातीची वाट बघत बसू नकोस. ज्यांचं काम तुला आवडतं त्यांना थेट लिही. त्यांचं शेवटचं संशोधन वाच, त्यात तुला जे पटलं नाही ते लिही, एक पान, जास्त नाही. आणि एकच पत्र सगळ्यांना पाठवू नकोस. प्रोफेसर मंडळी दुपारी एका टेबलावर जेवतात. ‘तुम्हालाच माझी पहिली पसंती’ हे वाक्य दोघांना गेलं, तर सूप संपायच्या आत उघडं पडतं.

तुझ्या आईला सांग, हाइके, बशा फोडू नकोस म्हणावं. त्या आमच्या आईच्या आहेत.

मामा


लेअर, १२ ऑक्टोबर

मामा,

शब्द मागितला होता, मूत्रपिंड नाही.

तुझा नियम तुझ्यापाशी. त्या रडत गेलेल्या मुलीला तू दार उघडून दिलंस ते चांगलं केलंस, पण मला दारातून आत जायचं आहे. आठवीत असताना तूच मला त्या वर्कशॉपात स्टुलावर उभं करून सळी घासायला लावायचास. आडवी नाही, उभी घास, लांबीच्या बाजूनं, आडव्या ओरखड्यातून तडा निघतो. सुट्टीभर घासून घेतलंस. आणि आता म्हणतोस, तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही.

अर्ज आज पाठवला. किसलिंग आहे हे धरून.

फेन्ना


लेअर, १८ नोव्हेंबर

मामा, मामा, मामा!

मी रागावले होते हे विसर. बोलावलं होतं! गुरुवारी जाऊन आले. तुला सांगितलं नाही, कारण तू पुन्हा कोट आणि खुंटी काढली असतीस.

आधी वीस मिनिटं भाषण द्यायचं होतं. दिलं. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्यांऐवजी बोटांच्या पेरांनी टेबल ठोकलं, आणि ते रीतीचं ठोकणं आहे की खरं, हे मला कळेना. मग ड्रोस्टेबाईंनी खणातून सळीचे दोन तुकडे काढून माझ्यापुढे ठेवले. ‘का तुटली?’ बस्स, एवढंच. एक जण घड्याळ बघत होता. मी तुकडा उचलला, खिडकीशी नेला, उजेडात तिरका धरला. म्हटलं, ‘ही थकून तुटली, पण दोष धातूचा नाही. इथे बाजूला आडवा ओरखडा आहे. लेथवर कातताना हत्यार अडकलं असणार. तडा तिथून निघाला.’

मग कोपऱ्यातला एक उंच मुलगा लाल होऊन म्हणाला, ‘ती मी कातली होती.’ तोच तुझा किसलिंग!

मग सगळे मिळून कँटीनमध्ये जेवायला गेलो. मला वाटलं, परीक्षा संपली. मी सुटल्यासारखी जेवले, बटाटे दोनदा घेतले, मोहरीचा सॉसही संपवला. नंतर कळलं की खरी परीक्षा तिथेच असते. प्रोफेसर विचारतात ते वर, आणि गट बघतो ते जेवताना. तीन वर्षं ज्या माणसाबरोबर एका तळघरात काढायची तो कसा आहे, हे ते बघत असतात. पण किसलिंग माझ्या शेजारी बसला आणि पूर्णवेळ मला मशीनबद्दल सांगत राहिला. कसं गरम होतं, कुठे ठोकलं की चालतं. मामा, जो माणूस खुर्चीवर बसला आहे तो मला खुर्चीचे खिळे दाखवत होता. मला तो आवडला. ते जरा अवघड झालं.

निघताना बाईंनी विचारलं, ‘सळी अशी बघायला कोणी शिकवलं?’ मी तुझं नाव घेतलं नाही, तुझा मान राखला. म्हटलं, ‘नात्यातल्या एका मिस्त्रीनं.’ बाई विचित्र हसल्या. त्यांना उत्तर आवडलं, असं मी धरून चालले आहे.

झोप नाही, भूक नाही, आणि दर दहा मिनिटांनी फोनमधली टपालपेटी उघडून बघते. ऑफिसात स्वच्छतागृहात जाऊन बघते. साहेबांनी विचारलं, पोट बिघडलंय का.

फेन्ना


ओबरविशे, २३ नोव्हेंबर

फेन्ना पोरी,

पत्र मिळालं. तुकडा उजेडात तिरका धरलास ते बरोबर केलंस. लोक सरळ धरतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात.

इकडे थंडी लवकर आली. सफरचंदाच्या झाडाला पोतं गुंडाळलं. शेजारच्या बाईनं नवीन कुत्रं आणलं आहे, ते टपालवाल्याला सोडून सगळ्यांवर भुंकतं. छपराची एक पन्हाळ निघाली होती, ती बसवली.

बाई जे ठरवतील ते विचार करूनच ठरवतील. निकाल कसाही लागला तरी त्यांना दोष देऊ नकोस.

मामा


लेअर, १५ डिसेंबर

मामा,

आलं. दोन ओळी. ‘आपल्या उत्तम सादरीकरणाबद्दल आभार. सखोल विचारांती दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. आपले नाव यादीत दुसऱ्या क्रमांकावर राहील.’ म्हणजे किसलिंग. तू म्हणालासच होतास. दुसरा क्रमांक म्हणजे काय, तर शर्यत संपल्यावर मिळणारं पाणी.

दोष कोणालाच देत नाही. मीच मूर्ख. आता ऐक, आणि खुर्चीवर बसून ऐक. मुलाखतीहून आल्यावर सोमवारी मी राजीनामा देऊन टाकला. मार्चअखेर इथून सुटते. मला इतकी खात्री होती, की नोटिशीचे महिने फुकट जायला नकोत असं वाटलं. आईला सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तर तुझ्याशी बोलणार नाही.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे थेट पत्रं लिहिते आहे. चौदा गेली. प्रत्येकासाठी त्याचा एकेक लेख वाचते, आणि न पटलेलं शोधते. एका प्रोफेसरांनी उलट लिहिलं, ‘आपला आक्षेप बरोबर आहे, जागा नाही.’ हेही तुझंच शिक्षण.

ख्रिसमसला येतो आहेस ना? तुझ्यासमोर बसून मनसोक्त रडायचं आहे. आईसमोर येत नाही.

फेन्ना


ओबरविशे, २० डिसेंबर

फेन्ना,

नोकरी सोडलीस? हातात काही नसताना? तुझे आजोबाही असेच होते, नवी होडी बांधून व्हायच्या आत जुनी विकून मोकळे.

ख्रिसमसला जमणार नाही. कंबर धरली आहे. येत नाही एवढंच हाइकेला वेगळं लिहिलं आहे.

दक्षिणेकडच्या विद्यापीठांना लिही. तिकडे यंत्रांचे कारखाने आहेत, त्यांच्याशी मिळून कामं चालतात. धीर सोडू नकोस. तुझ्यात खोट नाही, एवढं लक्षात ठेव. मला आणखी एक सांगायचं होतं, पण ते कागदावर नको. भेटू तेव्हा.

मामा


लेअर, १९ जानेवारी २०१८

हिनर्कमामा,

भेटू तेव्हा काय सांगणार होतास ते मला कळलं.

मी आज संस्थेत फोन केला होता. मुलाखतीत कुठे कमी पडले ते विचारायला, म्हणजे पुढच्या ठिकाणी सुधारता येईल. बाई नव्हत्या. कचेरीतल्या वेंटबाईंनी उचलला. बिचारी समजूत घालायला गेली. म्हणाली, ‘अगं, तुम्ही दोघं अगदी बरोबरीत होता. बाई दोन दिवस ठरवू शकत नव्हत्या. मग त्यांनी तुझ्या मामाचं पत्र काढून पुन्हा वाचलं.’

मी विचारलं, कुठलं पत्र? तिला वाटलं, मला माहीत आहे. तिनं वाचून दाखवलं.

‘उमेदवारांमध्ये माझी भाची असेल. माझ्या ओळखीचा विचार करू नये. काडीचीही शंका असेल तर दुसऱ्याला घ्यावं.’

काडीचीही! मामा, दोन माणसं बरोबरीत आली की काडीची शंका असतेच. त्यालाच बरोबरी म्हणतात! एक शब्द टाक म्हटलं तर तुझा चौतीस वर्षांचा नियम आडवा आला. आणि माझ्या पायावर धोंडा टाकायला अख्खं पत्र लिहिलंस. त्याला नियम आड आला नाही? परक्या मुलीसाठी निदान दार तरी उघडलं होतंस.

तुला माझ्या कामावर शंका होती, तर तोंडावर सांगायचं. मी सहन केलं असतं. वर म्हणतोस, निकाल कसाही लागला तरी बाईंना दोष देऊ नकोस. नाही देत.

लिहू नकोस.

फेन्ना आल्बर्स


ओबरविशे, २५ जानेवारी

फेन्ना,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो. वाचायचं नसेल तर चुलीत घाल.

ते पत्र मी लिहिलं. दहा ऑक्टोबरला, तुला नकार कळवल्यावर दोन दिवसांनी. तेव्हा मला वाटलं, मी फार सचोटीचं काम करतो आहे. पाकीट बंद करताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे आता लिहायला लाज वाटते.

तुझ्या कामावर मला शंका नव्हती. कधीच नव्हती. उलट होतं. मला खात्री होती की तू गेलीस तर तुलाच घेतील, आणि मग खाली वर्कशॉपात, कँटीनमध्ये लोक म्हणतील, मिस्त्रीची भाची आहे, वशिला लागला. ब्योर्न म्हणेल. माझ्या जागी आलेला तो पोरगा, आम्ही दर गुरुवारी पत्ते खेळतो. मी भ्यालो ते त्याला. नियमाचं नाव पुढे केलं. माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून तुझं पुढे केलं आणि खाली ढकललं. याला सचोटी म्हणत नाहीत. जे म्हणतात ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे.

तुझं पत्र आलं, तू सळी कशी बघितलीस ते वाचलं. तेव्हाच बाईंना फोन करायला हवा होता. दोन दिवस फोनजवळ बसलो. मग पन्हाळ बसवायला गेलो.

कंबर दुखत नव्हती. तुझ्यासमोर बसायची छाती नव्हती.

माफी मागतो. ती द्यायलाच हवी असं नाही.

हिनर्क


ओबरविशे, ९ मार्च

फेन्ना पोरी,

तू लिहू नकोस म्हणाल्यापासूनचं हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही आणि मी मागत नाही. हाइकेकडून कळतं. तू दक्षिणेत मैत्रिणीकडे राहून मुलाखती देते आहेस आणि तिथे तुला अर्धी जागा देऊ केली आहे म्हणे. अर्धी जागा म्हणजे पगार अर्धा आणि काम पूर्ण, हे तुला सांगायला नको. चांगल्या चांगल्यांनी तशी काढली आहे. पण सही करायच्या आधी आठवडाभर थांब, एवढंच म्हणतो.

ब्योर्न सांगत होता, किसलिंगला मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली, तो चालला. लग्न ठरलं आहे त्याचं. तेव्हा बाईंकडून काही आलं तर रागानं फाडू नकोस. माझा राग माझ्यावर काढ, कागदावर काढू नकोस.

मी बुधवारी शहरात गेलो होतो. किरकोळ काम होतं. बाकी ठीक.

मामा


लेअर, २१ मार्च

मामा,

किरकोळ काम काय होतं ते मला कळलं. तुझ्या गोष्टी मला नेहमी दुसऱ्याकडूनच कळतात, याची आता सवय करून घेते.

क्रमानं सांगते, नाहीतर मी गुंतेन. दक्षिणेतल्या प्रोफेसरांनी शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायला सांगितलं होतं. मी जवळजवळ हो म्हणणार होते. राजीनामा दिलेल्या माणसाला अर्धी भाकरीही पूर्ण दिसते. तेवढ्यात आईचा फोन आला, ड्रोस्टेबाईंचं पाकीट आलंय, तिनं ते पुढे पाठवलंय. आईला एव्हाना सगळं कळलंय. एक बशी गेली, निळ्या काठाची.

पाकीट उघडलं. किसलिंग निघाला, यादीत दुसरा क्रमांक माझा, जागा हवी आहे का. मामा, मी खुशीनं नाचायला हवं होतं. मी बसून राहिले. तुझं नऊ तारखेचं पत्र शेजारीच पडलं होतं. बुधवारी शहरात, किरकोळ काम. मी काय मूर्ख आहे? म्हटलं, म्हाताऱ्यानं अपराधापोटी जाऊन पाय धरले, आणि आता ही जागा मला उपकारानं मिळते आहे. आधी याच्या नियमानं घालवली, आता याच्या रदबदलीनं देतो आहे. माझं यात कुठे काय आहे? नको म्हणून लिहायला कागद काढला. मग वाटलं, नको तर नको, पण तोंडावर सांगून यावं. तुझ्यासारखं पाकिटात घालून नको.

परवा सोमवारी गेले. बाईंच्या समोर उभी राहिले आणि बसायच्या आधी विचारलं, ‘मला हे पत्र मामा येऊन गेले म्हणून पाठवलंत का?’

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, ‘पत्रावरची तारीख वाचलीत का?’

वाचली नव्हती. पाच मार्च. सोमवार. तू गेलास बुधवारी, सात तारखेला. किसलिंगनं शुक्रवारी सांगितलं, बाईंनी सोमवारी मला लिहिलं. यादीत दुसरा कोण ते डिसेंबरातच ठरलं होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तू त्यांच्या दारावर टकटक केलीस तेव्हा माझं पत्र दोन दिवस प्रवासात होतं, आणि आईच्या कृपेनं आणखी आठवडाभर फिरत राहिलं.

मी विचारलं, मग मामांना का सांगितलं नाही? बाई म्हणाल्या, ‘निवड आधी उमेदवाराला कळली पाहिजे, नातेवाइकांना नाही. नियम आहे.’ तुम्ही दोघांनी एकमेकांबरोबर इतकी वर्षं कशी काढलीत ते मला आता नीट समजलं. मग म्हणाल्या, ‘शिवाय ते बोलत होते. मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मध्ये बोलवेना.’

आणि तू काय बोललास ते त्यांनी मला सांगितलं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि विसरायच्या आत वहीत उतरवून घेतलं. चुकलं असेल तर सांग.

‘बाई, या खोलीत मी आजवर सळ्यांची मापं सांगितली, माणसांची नाही. आज सांगतो. ऑक्टोबरात मी लिहिलं ते भिऊन लिहिलं होतं. तुमच्याकडे मी चाळीस जणांना डॉक्टर होऊन जाताना पाहिलं, त्यांच्या सळ्या मी कातल्या. त्यांतल्या कोणाच्या हाताला आणि डोळ्याला फेन्नाची सर नाही. ती माझी भाची आहे म्हणून हे बोलायला मला इतका उशीर झाला. ती परकी असती तर पहिल्याच दिवशी बोललो असतो. आता लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. ब्योर्नला मी स्वतः सांगणार आहे.’

मामा, तुझी खेप फुकट गेली. त्या जागेसाठी तिचा कवडीचा उपयोग झाला नाही. तू टोपी हातात घेऊन त्या जिन्यावरून चढलास, तुझा जन्माचा नियम मोडलास आणि काहीही हललं नाही. जागा मी घेतली. ती मला यादीनं दिली आणि यादीत मी माझ्या पायांनी चढले होते. कोणाच्या उपकारानं नाही, तुझ्याही नाही. हे कळलं तेव्हा जिन्यात बसून मी ख्रिसमसचं राहिलेलं सगळं रडून घेतलं. येणाऱ्या जाणाऱ्यांनी वळसा घातला.

जानेवारीत मी लिहिलं होतं, तुला माझ्या कामावर शंका आहे. ती गोष्ट मला दोन महिने आतून खात होती. जागा गेली त्यापेक्षा जास्त. आता खात नाही.

ईस्टर संपला की मंगळवारी रुजू होते. ऑक्टोबरातल्या पत्राची माफी अजून पूर्ण जमलेली नाही, खरं सांगते. जमेल. तोवर तू येऊन समोर बस.

तुझी,
फेन्ना


ओबरविशे, २४ मार्च

फेन्ना पोरी,

सोमवारी टाकलं होतं पत्र? आणि बाईंनी मला अर्धा तास उभं राहून बोलू दिलं? वर कॉफी विचारली! मी नको म्हटलं, मागायला आलेल्या माणसानं कॉफी पिऊ नये म्हणून. पिता आली असती की.

गुरुवारी ब्योर्नला सांगितलं. म्हटलं, भाचीसाठी बाईंकडे गेलो होतो, काय हसायचं ते हस. त्यानं पत्ते खाली ठेवले आणि म्हणाला, ‘आम्ही ऑक्टोबरपासून वाट बघत होतो, तुम्ही कधी जाताय त्याची.’ म्हणजे मी ज्याला भीत होतो तो ब्योर्न मुळात नव्हताच. एवढ्या वर्षांत मी माणसांना उजेडात तिरकं धरून कधी पाहिलंच नाही, असं वाटून रात्रभर कूस बदलत राहिलो.

वहीत उतरवलंस त्यात एक चूक आहे. ‘सर नाही’ असं मी म्हणालो नव्हतो. मी म्हणालो, ‘जवळपास कोणी नाही.’ सुधारून घे.

खेप फुकट गेली हे वाचून आधी वाईट वाटलं. मग बरं वाटलं. जागा तुझी तू मिळवलीस, त्यात माझं बोट नाही. आता मी तिथे जे बोललो त्याचा कोणालाच काही फायदा नाही, तेव्हा ते खरं होतं म्हणूनच बोललो, असं मला स्वतःलाही धरायला हरकत नाही.

बोललो ते परत घेत नाही.

हिनर्कमामा